गट्टिमेळाचे दोन डबे

लग्नात नवऱ्या मुलीचा भाऊ काय करतो? पाहुण्यांच्या गाड्या लावतो, रुसलेल्या मावशीला चहा नेऊन देतो, वेळ आली की नवऱ्या मुलाचा कान पिळतो आणि फोटोत हसतो. सूर्यकांतने यातलं काहीही केलं नाही. देवनहळ्ळीच्या कल्याण मंटपात तो दोन स्पीकरांच्या मध्ये कीबोर्ड मांडून घाम पुसत बसला होता, आणि धाकट्या बहिणीचं लग्न आज लागणार की पुढच्या मुहूर्तावर जाणार, हे त्याच्या दहा बोटांवर येऊन ठेपलं होतं. ही वेळ त्याने स्वतःच्या तोंडाने ओढवून घेतली होती, त्यामुळे त्याची फार दया करायचं कारण नाही.

सूर्यकांत मूळचा निपाणीचा, आता बेंगळुरूत हेब्बाळच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टर. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढायचा त्याला पगार मिळे, आणि घरी हेच काम तो फुकट करी, असं त्याची बायको स्मिता सगळ्यांना सांगायची. सुट्टीच्या दिवशी तो ओळखीपाळखीत कीबोर्ड वाजवायला जाई. कुणाचं बारसं, कुणाचं डोहाळजेवण, कुणाची साठी. पूर्वी त्याच्याबरोबर साउंडवाला लागायचा, त्याचा टेम्पो लागायचा आणि त्या साउंडवाल्याची मर्जी सांभाळावी लागायची. मग सूर्यकांतने एक पार्टी स्पीकर घेतला आणि सगळं बदललं.

तुम्ही पाहिला असेल तो स्पीकर. छोट्या सुटकेसएवढा असतो, वर धरायला कडी, पुढे जाळीभोवती रंगीत दिवे फिरतात. लोक तो गच्चीवर वाढदिवसाला लावतात आणि शेजारच्यांचे शिव्याशाप घेतात. लाइव्ह वाजवण्यासाठी तो बनवलेलाच नाही, असं जाणकार लोक नाक वर करून सांगतात. सूर्यकांतला त्या नाकांची पर्वा नव्हती. "एक माणूस, एक ऑटो, एक स्पीकर," असं तो भेटेल त्याला ऐकवायचा. स्पीकरला त्याने मऊ कापडाची खोळ शिवून घेतली होती. त्याचा लग्नात शिवलेला कोट अजून उसवलेलाच आहे, याची आठवण स्मिता त्या खोळीकडे बघून करून द्यायची.

आता बहिणीचं सांगतो. शमिका आणि वेणू एकाच ऑफिसात. वेणूचं घर देवनहळ्ळीचं, पूर्ण कानडी. दोन्हीकडचे आईवडील पहिल्याच भेटीत एकमेकांना खाऊ घालून मोकळे झाले होते. अडलं होतं ते वेणूच्या आजीपाशी. गौरम्मा अज्जी. अंगाने चिमूटभर, पण त्या "बघू" म्हणाल्या की घरातला प्रत्येक माणूस बघतच राहायचा. या लग्नाला त्या तीन दिवाळ्यांपासून "बघू" म्हणत होत्या. शेवटी वेणूने जेवण सोडायची धमकी दिली, शमिकाने कानडीत उखाणा घेऊन दाखवला, आणि अज्जी एका अटीवर राजी झाल्या. मंगलाष्टकं तुमची, ताळी आमची. आणि ताळी बांधताना गट्टिमेळ असा वाजला पाहिजे की शिंकसुद्धा ऐकू येता कामा नये.

कानडी लग्नात ताळी, म्हणजे मंगळसूत्र, बांधायच्या क्षणी पुरोहित हात वर करून "गट्टिमेळ! गट्टिमेळ!" असं ओरडतात, आणि ओलगवाले, म्हणजे नादस्वर आणि डोलू वाजवणारे, जीव खाऊन वाजवायला लागतात. त्या क्षणी कुठला अशुभ आवाज कुणाच्या कानावर पडू नये म्हणून ही सोय. अशुभ आवाजांमध्ये शिंकेचा मान पहिला. अज्जींच्या थोरल्या बहिणीच्या लग्नात ओलग वाजवणाऱ्याचा दम ऐन वेळी संपला होता, शिंक ऐकू आली होती, आणि परतीच्या वाटेवर वरातीच्या गाडीचं चाक निखळलं होतं. अज्जी ही गोष्ट अशी सांगायच्या की ऐकणारा आपल्या गाडीची चाकं तपासून यायचा.

बरं, शिंकेची भीती नुसती हवेतली नव्हती. वेणूचे काका नागराज अण्णा हे घरातच होते. उदबत्तीने, झेंडूने, नव्या कपड्यांच्या वासाने आणि कधीकधी नुसत्या आठवणीने त्यांना शिंक यायची. शिंक तरी कशी? मागच्या गल्लीतली कुत्री उठून बसायची.

मुहूर्त ठरला आणि कळलं की तो मुहूर्त इतका चांगला आहे की अर्ध्या बेंगळुरूने तोच धरला आहे. के. आर. पुरमपासून पार दोड्डबळ्ळापूरपर्यंत एकही ओलगवाला मोकळा नव्हता. दोन्ही घरं देवनहळ्ळीच्या ओसरीवर तोंडं पाडून बसली. अज्जींनी पानाला चुना लावला, पान दुमडलं आणि म्हणाल्या, "मग पुढचा मुहूर्त बघू."

तो "बघू" ऐकताच शमिकाचे डोळे भरले. सूर्यकांतने ते पाहिलं. लहानपणी हिची बाहुली याने "टेस्ट" करायला म्हणून उघडली होती, तेव्हा ती अशीच बघत होती.

"अज्जी, ओलगवाले कशाला?" तो कानडीत म्हणाला. "गट्टिमेळ मी वाजवतो."

स्मिताने त्याच्या मांडीला चिमटा काढला, पण उशीर झाला होता.

"तू? कशावर?"

"कीबोर्डवर. त्यात नादस्वराचा आवाज आहे, डोलूचाही आहे. आणि माझा स्पीकर आहे."

अज्जींनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत निरखलं. मग म्हणाल्या, "घेऊन ये. आधी माझ्या अंगणात वाजवून दाखव. मी सांगते ते ऐक तम्मा, लग्नात शिंक ऐकू आली, तर मी ताळी थांबवीन. मग पुढच्या मुहूर्तापर्यंत कोणी काही बोलायचं नाही."

वेणूच्या वडिलांनी मान खाली घातली. अज्जी बोलल्या म्हणजे करणार, हे त्यांना जन्मापासून माहीत होतं.

पुढच्या रविवारी पपनसाच्या झाडाखाली परीक्षा सुरू झाली. विमानतळ जवळच असल्याने डोक्यावरून दर थोड्या वेळाने विमान जात होतं, त्यामुळे परीक्षक एक नव्हता, दोन होते. अज्जींनी पहिल्याच झटक्यात वायरला नकार दिला. मंटपात नवरानवरी फेऱ्या घेणार, पाय अडकून पडले म्हणजे? सूर्यकांतने मोठ्या ऐटीत ब्लूटूथची डबी कीबोर्डला लावली, हात झटकले आणि सुरुवात केली.

बोटं पडली. आवाज आला नाही. बोटं पुढच्या सुरावर गेली तेव्हा मागचा सूर आला. सूर्यकांतने वेग वाढवला तशी ती तफावत सगळ्यांना दिसायला लागली. तो थांबला तरी स्पीकर शेवटचा सूर वाजवून मग थांबला. डोलूचा ठेका तर असा पडत होता की बघणाऱ्याचे पाय आपोआप चुकत होते.

"ह्याचे हात पोचले," अज्जी म्हणाल्या, "आवाज अजून बसची वाट बघतोय."

सगळं अंगण हसलं. शमिकाही हसली, पण हसता हसता तिने सूर्यकांतकडे जसं पाहिलं त्याने त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्याने पिशवीतून वायर काढली. ती सतरंजीखालून घ्यायची आणि वर चिकटपट्टी मारायची, या बोलीवर अज्जींनी परवानगी दिली.

दुसरी परीक्षा आवाजाची. स्मिताने तपकिरीची डबी पुढे केली आणि नागराज अण्णांनी घरच्या भल्यासाठी नाकपुडी पुढे केली. सूर्यकांतने आवाज पूर्ण वाढवला. इथे त्या स्पीकरची हुशारी आड आली. आपण फुटू नये म्हणून असे स्पीकर आवाज फार वाढला की स्वतःच तो आवरता घेतात. नादस्वर चढत गेला आणि ऐन रंगात आल्यावर एकदम सभ्य झाला. नेमकी तेव्हाच अण्णांची शिंक आली. ती गट्टिमेळाच्या वरून गेली, पपनसाच्या झाडावरून गेली आणि दोन कावळे उडवून थांबली.

"केळिस्तु," अज्जी म्हणाल्या. ऐकू आली.

सूर्यकांत त्या दिवशी घरी येऊन जेवला नाही. टेस्टर माणूस, खोट दिसली की त्याला झोप लागत नाही, आणि ही खोट तर बहिणीच्या ताळीत होती. शेवटी त्यांच्याच इमारतीत राहणाऱ्या मानसिंगचं दार त्याने वाजवलं. मानसिंग गच्चीवर झुंबा शिकवायचा आणि त्याच्याकडे अगदी तसाच स्पीकर होता. दोन स्पीकर म्हणजे कुणालाच गळा फाडायची गरज नाही, अर्धा अर्धा भार. मानसिंगने स्पीकर दिला, वर बहिणीला आशीर्वादही दिला. दोन्ही स्पीकर बिनतारी जोडून बघितले तर एक पुढे आणि एक मागे वाजायला लागला, तेव्हा सूर्यकांतने दोघांनाही वायरने बांधून टाकलं. मग एकेक खुर्चीवर चढवले, भिंतीला पाठ लावून बसवले, तोंडं कोपऱ्यातून बाहेर काढली. प्रत्येक वेळी तो घरातल्या हॉलच्या टोकाला जाऊन ऐकून येई आणि स्मिता बिचारी एकच स्वर दाबून बसे.

पुढच्या रविवारी अंगणात सगळं पुन्हा मांडलं. अण्णांनी तपकीर घेतली. डोक्यावर विमान आलं. सूर्यकांतने दहाही बोटं टाकली आणि अहाहा, काय तो आवाज! नादस्वर नाचत होता, डोलू फुटाणे उडवत होता, पपनसाची पानं थरथरत होती, विमान मुक्यानेच निघून गेलं. आणि नागराज अण्णा शिंकले. सगळ्यांनी बघितलं: डोळे मिटले, छाती फुगली, मान पुढे आली, रुमाल उडाला. आवाज शून्य. शिंक दिसली, ऐकू आली नाही.

अज्जींनी पानाची पिंक टाकली आणि म्हणाल्या, "सरी." ठीक आहे.

सूर्यकांतला त्या एका शब्दाने जेवढा आनंद झाला तेवढा कंपनीच्या कुठल्या शाबासकीने कधी झाला नव्हता. त्याने शमिकाला उचलून गरागरा फिरवलं. ती ओरडत राहिली, "दादा, सोड, चक्कर येते!" आणि तो सोडायला तयार नव्हता. परत येताना गाडीत स्मिताने विचारलं, "सगळं तपासलंस ना? काही राहिलं नाही?"

"काही म्हणजे काही नाही," सूर्यकांत म्हणाला. वाक्य लक्षात ठेवा.

लग्नाच्या दिवशी सगळं आखल्याप्रमाणे झालं. वायर सतरंजीखाली गेली. स्पीकर नवीकोरी चादर घातलेल्या स्टुलांवर चढले. स्मिताने नागराज अण्णांना सर्दीची गोळी दिली, आणि तिचा गुण असा की अण्णा पहिल्या रांगेत सोफ्यावर तोंड उघडं टाकून झोपून गेले. शिंकेचा बंदोबस्त झाला म्हणून वऱ्हाडाने सुटकेचा निःश्वास टाकला. तरीही मुलीकडच्या दोघी मावश्या खबरदारी म्हणून त्यांच्या दोन बाजूंना रुमाल घेऊन बसल्याच.

तेवढ्यात अज्जी आल्या. हातात ताट. त्यांनी हुकूम केला की वाद्याची पूजा झाल्याशिवाय वाद्य वाजत नाही. "पण अज्जी, हा स्पीकर..." असं सूर्यकांत म्हणाला, आणि अज्जींनी दसऱ्याला त्यांच्या घरी पाण्याच्या मोटारीला आणि मिक्सरलाही कुंकू लागतं हे सांगून त्याला गप्प केलं. त्यांनी दोन्ही स्पीकरांना हळद लावली, कुंकू लावलं, तेही हात राखून नव्हे. जाळीवर लावलं, कडीवर लावलं, आणि पुढच्या बाजूला हवा जायला गोल भोक असतं तो त्याचा डोळा आहे असं समजून त्यात तर चांगली मूठभर हळदकुंकू भरलं. वरून झेंडूची घसघशीत माळ घातली. त्या माळेखाली स्पीकरचा छोटा हिरवा दिवा झाकून गेला. सूर्यकांतने हात जोडले. मनात म्हणाला, देवाची माया, दिवा कशाला बघायचा, आपण सगळं तपासलंय. मग अज्जींनी एक खुर्ची ओढली आणि उजव्या स्पीकरच्या समोर, हातभर अंतरावर, जाऊन बसल्या. स्वतःच्या कानांनी खात्री केल्याशिवाय त्या ताळी होऊ देणार नव्हत्या.

मंगलाष्टकं सुरू झाली.

मराठी घरातल्या मंगलाष्टकांचं एक असतं, गुरुजींचं आटोपलं की बायकांचं सुरू होतं. निपाणीच्या मामींनी एक म्हटलं. ते ऐकून चिकोडीच्या काकूंनी त्याच चालीत, पण थोडं अधिक उंच, एक म्हटलं. शमिकाच्या मैत्रिणीने मोबाइलमध्ये बघून म्हटलं. सूर्यकांतने मागून हलकेच सूर धरायला बोट उचललं, तोच भागुबाई आत्या पुढे आल्या. आत्यांनी स्वतः रचलेलं होतं, आणि त्यात दोन्ही घरांतल्या प्रत्येक माणसाचं नाव गुंफलेलं होतं.

"सूर्या, तुझी पेटी बंद ठेव," आत्या म्हणाल्या. "माझ्या गळ्याला मानवत नाही."

सूर्यकांतने हात मांडीवर ठेवले. आत्या गायल्या. निपाणीचे सगळे झाले, मग देवनहळ्ळीचे आले, नागराज अण्णांचं नाव आलं तेव्हा ते झोपेत "हं" म्हणाले. मुहूर्ताला वेळ होता, म्हणून गुरुजींनीही अडवलं नाही. लोक अक्षता हातात धरून हात घामेजले तरी उभे होते. आत्यांचा शेवटचा चरण आला तेव्हा वेणूचा फेटा एका कानावर उतरला होता, आणि अंतरपाट धरणाऱ्यांचे हात कापत होते.

इकडे त्या दोन स्पीकरांनी काय विचार केला? असे घरगुती स्पीकर काटकसरी असतात. बराच वेळ काही वाजलं नाही, की त्यांना वाटतं पार्टी संपली, मालक झोपला. मग तेही गुपचूप झोपतात, वीज वाचवतात. सूर्यकांतने घरी, गच्चीवर, अंगणात त्यांची सगळी परीक्षा घेतली होती. पण प्रत्येक वेळी तो वाजवत होता. आवाज किती मोठा, किती लांब, किती लवकर, सगळं तपासलं. गप्प बसल्यावर काय होतं, हे त्याने कधी तपासलंच नाही. तो गप्प बसलाच नव्हता ना कधी.

"शुभमंगल सावधान!" अक्षता पडल्या. अंतरपाट गेला. वेणूने ताळी हातात घेतली. शमिकाने मान खाली घातली. पुरोहितांनी हात वर केला आणि गरजले, "गट्टिमेळ! गट्टिमेळ!"

सूर्यकांतने दहा बोटं टाकली.

काही नाही.

त्याने पुन्हा टाकली. प्लॅस्टिकच्या पट्ट्यांची टकटक तेवढी झाली. हॉल इतका शांत झाला की स्वयंपाकघरात सांबार उकळताना ऐकू येत होतं. वेणू ताळी धरून थांबला. पुरोहितांनी पुन्हा, जरा रागाने, "गट्टिमेळ!" केलं. सूर्यकांतने कीबोर्डचा आवाज पूर्ण वाढवला, आणखी वाढवायला काही उरलं नाही म्हणून वायर हलवली, आणि मग त्याला माळ दिसली. त्याने माळ ओढली. दिवा बंद होता. त्याच्या डोक्यात एकदम लख्ख प्रकाश पडला, आणि त्या प्रकाशात त्याला स्वतःचा गाढवपणा नखशिखांत दिसला. दोन हात दोन बाजूंना फेकून त्याने दोन्ही स्पीकरांची बटणं एकदम दाबली.

स्पीकर जागे झाले. जागं होताना त्यांना स्वतःचं एक छोटं गाणं वाजवायची सवय असते, ती कुणाच्या लग्नाकार्याची वाट बघत नाही. "ढिंग-ढँग-धप्प!" आणि त्यामागून एक विलायती बाई भरघोस आवाजात म्हणाली, "पॉवर ऑन!" निम्म्या लोकांना वाटलं विमानतळावरची घोषणा इथपर्यंत आली. त्या शेवटच्या धप्पने मात्र वेगळंच काम केलं. स्पीकरच्या गोल भोकातून हवेचा जोरदार लोट आला, त्याबरोबर मूठभर हळदकुंकू आलं, आणि हातभर अंतरावर बसलेल्या गौरम्मा अज्जींच्या थेट नाकात गेलं.

सूर्यकांतने ते पाहिलं. सगळा हॉल नागराज अण्णांकडे बघत होता, मावश्या रुमाल सरसावून बसल्या होत्या, आणि अण्णा निवांत घोरत होते. अज्जींकडे फक्त सूर्यकांत बघत होता. त्यांचं नाक लाल झालं. नाकपुड्या फुगल्या. तोंड हळूहळू उघडलं, डोळे बारीक झाले. त्या मिटत चाललेल्या डोळ्यांनी त्यांनी सूर्यकांतकडे पाहिलं. तीन दिवाळ्या सगळ्या घराला धाकात ठेवणाऱ्या त्या डोळ्यांत आता एकच विनंती होती: वाजव रे बाबा.

सूर्यकांतची दहा बोटं, दोन मनगटं आणि घाईत डावं कोपरही पट्ट्यांवर पडलं.

गट्टिमेळ झाला! कीबोर्डचा आवाज मघाशी घाबरून पूर्ण चढवलेला होता, दोन स्पीकर ताजेतवाने होते, भिंतींना पाठ होती. नादस्वर किंचाळत, नाचत सुटला, डोलू त्याच्या मागे धावला, खिडक्यांच्या काचांनी साथ धरली. वेणूने दचकूनच पहिली गाठ मारली. निपाणीकरांनी "वाजवा रे वाजवा" म्हणत टाळ्या पिटल्या, देवनहळ्ळीकरांनी अक्षता उधळल्या. भागुबाई आत्या फुगडीच्या पवित्र्यात आल्या. आणि या सगळ्याच्या बरोबर मध्ये अज्जींची मान मागे गेली, पुढे आली, चष्मा उडून मांडीत पडला, चेहरा हळदीकुंकवाने माखून गेला.

शिंक दिसली. ऐकू आली नाही. आणि दिसली तीही एकालाच.

दुसरी गाठ पडली, तिसरी पडली. सूर्यकांत वाजवतच होता. त्याला हसू येत होतं, रडू येत होतं, दोन्ही एकदम येत असल्यामुळे त्याच्या तोंडाचा आकार विचित्र झाला होता. शमिकाने मान वर केली आणि गळ्यातली ताळी बघून भावाकडे बघितलं. तिचे डोळे पुन्हा भरले होते, पण या वेळचं भरणं निराळं होतं. स्मिता मागून ओरडत होती, "अरे, पुरे आता, लागलं लग्न!" तेव्हा कुठे त्याने हात उचलले.

जेवणाच्या पंगतीत वेणूकडच्या एका पाहुण्याने भात कालवता कालवता विषय काढलाच. "गट्टिमेळ जरा उशिरा लागला, नाही? आणि मध्येच ती कोण बाई बोलली?"

सूर्यकांतने हातातला घास पानात ठेवला. केळीच्या पानांमधून गौरम्मा अज्जी चालत आल्या. तोंड धुतलं होतं, पण कानामागे थोडं कुंकू राहिलं होतं.

"उशिरा?" अज्जी म्हणाल्या. "तुझे कान तपासून घे. इतका वेळेवर गट्टिमेळ मी माझ्या जन्मात ऐकला नाही. आणि ती बाई बोलली तेव्हाच बोलायला हवी होती, तिने बरोबर काम केलं."

पाहुण्याने भातात तोंड घातलं. अज्जी पुढे येत सूर्यकांतच्या पानापाशी थांबल्या. हातातल्या डब्यातून त्यांनी एक होळिगे, म्हणजे आपली पुरणपोळी, त्याच्या पानावर वाढली. मग दुसरी वाढली. वर तुपाची धार सोडली ती थांबेचना.

"खरं सांग तम्मा," त्या खाली वाकून हळूच म्हणाल्या, "तुला काय ऐकू आलं?"

सूर्यकांतने वर पाहिलं. समोरच्या पंगतीत शमिका वेणूच्या पानातला पापड मोडत हसत होती.

"गट्टिमेळ, अज्जी. दुसरं काही नाही."

अज्जींनी त्याच्या चेहऱ्याकडे बारकाईने पाहिलं, आणि त्यांच्या ओठांच्या कडा थोड्या हलल्या. हात त्याच्या डोक्यावर ठेवून त्यांनी तो जरा वेळ तसाच राहू दिला. मग मोठ्याने, सगळ्या पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आमच्या घरी आता अजून दोन नातवंडांची लग्नं आहेत. गट्टिमेळाला ओलगवाले शोधत फिरायचं काही कारण नाही. आमच्या सुनेचा भाऊ आहे. हेच दोन डबे घेऊन येईल."

"आमच्या सुनेचा" हे ऐकताच पलीकडे शमिकाच्या हातातला पापड गळून पडला. सूर्यकांतला पुरणपोळी दिसेनाशी झाली, तुपामुळे असेल.

अज्जी पुढच्या पानाकडे निघाल्या. दोन पावलं गेल्यावर परत वळल्या, आणि फक्त त्यालाच ऐकू येईल इतक्या हळू म्हणाल्या, "पण पुढच्या वेळी पूजा मी करणार नाही."